बर्डीवरच्या शर्माजींचं दही

प्रेमिला देवराव गजघाटे. वय अंदाजे चव्वेचाळीस. धर्म बौद्ध (सन १९५६ पासून, तत्पूर्वीचा तपशील शेजाऱ्यांस तोंडपाठ). शिक्षण सातवी उत्तीर्ण. व्यवसाय निरंक. निवास सरकारी क्वार्टर, तळमजला, काटोल रोड, नागपूर. ओळखीची खूण : उजव्या तळहातावर, अंगठ्याच्या मुळाशी घट्टा. सदर महिला वसाहतीच्या महिला मंडळाची क्रियाशील सभासद असून इतर सभासदांशी तिचे संबंध सलोख्याचे आहेत. तिच्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही. तिची कोणाविरुद्ध तक्रार असल्यास ती लेखी प्राप्त झालेली नाही.

सरकारी कागदावर एक माणूस उतरवायला एवढं पुरतं. राहता राहिला तो घट्टा. तो लाटण्याने पडलेला नव्हता, आणि व्यवसायापुढे 'निरंक' लिहिणाऱ्याने त्याची चौकशी करावी असं काही कारणही नव्हतं. तो आइस्क्रीमच्या पॉटचा दांडा फिरवून पडला होता.

पॉट आईचं. प्रेमिलाबाईंची आई भीमाबाई कामठीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर आया होती. सत्तेचाळीस साली साहेब विलायतेला निघाला तेव्हा त्याने खानसाम्याला घड्याळ दिलं, माळ्याला कोट दिला आणि आयाला हे पॉट दिलं : सागवानी बादली, तिच्यात उभा कल्हईचा डबा, डब्यात लाकडी पंखा आणि वर तो फिरवायचा लोखंडी दांडा. डब्यात गोड आटवलेलं दूध घालायचं, डबा आणि बादली यांच्यामधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि मीठ ठासायचं, आणि खांदा निखळेपर्यंत फिरवत राहायचं. भीमाबाईच्या घरी आटवण्याइतकं दूध कधी आलंच नाही. दही मात्र येई. तिने दही फडक्यात बांधून टांगलं, पाणी गळून गेल्यावर साखर घालून त्याच फडक्यातून गाळलं, वेलची टाकली आणि साहेबाच्या डब्यात भरलं. साहेबाला काय वाटलं असतं ते विचारायची सोय नव्हती. नागपूरच्या उन्हाला मात्र ते दुधाच्या आइस्क्रीमपेक्षा बरं लागे. आधी आंबट, मग गोड, आणि मग दोन भुवयांच्या मध्ये एक बारीक कळ.

आई वारल्यावर पॉट लेकीकडे आलं. लेकीचा नवरा देवराव एका सरकारी खात्यात वरिष्ठ लिपिक. अक्षर मोत्यासारखं, शर्टाला इस्त्री, स्वभाव वाद न घालण्याचा. एकाहत्तर साली त्यांना क्वार्टर मिळालं आणि पॉट काटोल रोडवर आलं.

वसाहतीत महिला मंडळ होतं. अध्यक्ष इंदुताई, म्हणजे हेडक्लार्क वामनरावांच्या पत्नी. नवऱ्याचा हुद्दा तोच बायकोचा, असं मंडळाच्या घटनेत कुठे लिहिलेलं नव्हतं. पण लिहिलेल्या कलमांपेक्षा ते जास्त पाळलं जाई. लिहिलेलं असं होतं की वसाहतीतली प्रत्येक महिला ही सभासद, आणि महिन्याची सभा पाळीपाळीने प्रत्येकीच्या घरी. हे लिहिताना प्रत्येक म्हणजे कोणकोण, याचा विचार झाला नव्हता. तेव्हा वसाहतीत गजघाटे राहायला आले नव्हते.

पहिल्या पाळीला प्रेमिलाबाईंनी आलूबोंडे तळले. सगळ्या आल्या. घटनेत तसं होतं, म्हणून आल्या. सतरंजीवर बसल्या, क्रोशाचा नवा नमुना पाहिला, क्वार्टरच्या रंगाबद्दल हळहळल्या, आणि ताटल्या पुढे आल्या तेव्हा असं निघालं की सगळ्यांनाच उपास आहे. इंदुताईंचा शनिवार होता. शेजारच्या शामलेची चतुर्थी होती. पलीकडे बसलेल्या दोघींचा प्रदोष होता. चतुर्थी आणि प्रदोष एका दिवशी येणं पंचांगात बसत नाही, पण त्या दिवशी बसलं. आलूबोंडे देवरावांनी दोन दिवस खाल्ले.

पुढच्या पाळीला प्रेमिलाबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली.

"अगं बाई, फराळ करूनच निघालो न वं आम्ही," इंदुताई म्हणाल्या. "सांगाचं न आधी."

प्रेमिलाबाई गरीब स्वभावाच्या होत्या असं कोणी लिहील तर ते खोटं होईल. नळावर त्यांचा आवाज दोन इमारतींना पुरे. एकदा त्यांनी पाण्याच्या पाळीवरून एका ओव्हरसिअरच्या बायकोला बादलीसकट परत पाठवलं होतं. पण बादलीशी भांडता येतं, उपासाशी येत नाही. समोरची बाई भुकेली आहे आणि तिने देवासाठी भुकेलं राहायचं ठरवलंय, यावर काय बोलणार? सतराव्या वर्षी पांढरं लुगडं नेसून, आईचा हात धरून, दीक्षेच्या मैदानावर लाखो लोकांत उभं राहून त्यांनी जी व्रतवैकल्यं सोडली होती, त्यांचाच आता त्या अभ्यास करू लागल्या. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. भगर चालते. हळद चालत नाही. भेंडी काहींकडे चालते, काहींकडे नाही, आणि असं का हे काहींनाच माहीत नसतं.

"परीक्षेले बसून राहिली का वं?" देवराव विचारत.

"पास होऊन दाखवतो," त्या म्हणत.

त्यांना काय हवं होतं ते साधं होतं. आपल्या घरात, आपल्या हातचं, आपल्यासमोर बसून या बायकांपैकी एकीने खावं. बारा जणी नकोत. एक. खाऊन वर नावं ठेवली असती, मीठ कमी म्हटलं असतं, तरी चाललं असतं. उलट तेच जास्त आवडलं असतं.

दही चालत होतं. साखर चालत होती. वेलची चालत होती. बाजारच्या आइस्क्रीममध्ये मक्याचं पीठ असतं आणि अंड्याचा संशय असतो. दह्यात यातलं काही नव्हतं. त्र्याहत्तरच्या एप्रिलात त्यांची पाळी आली तेव्हा बर्फवाल्या लहानूने हातगाडीवरून, लाकडाच्या भुशात गुंडाळलेली अर्धी लादी आणून टाकली, आणि प्रेमिलाबाईंनी माळ्यावरून पॉट काढलं.

दुपारी छताचा पंखा गरम हवा ढवळत होता. बायका सतरंजीवर एकमेकींपासून अंतर ठेवून बसल्या होत्या, उकाड्यामुळे. वाट्या आल्या. वाट्यांना बाहेरून दव आलं होतं.

"हे काय वं?" इंदुताईंनी विचारलं.

"दही आहे जी. बर्फात जमवलेलं. उपासाले चालते."

"बर्फात मीठ घालतात न पण? साधं मीठ नाही चालत आम्हाले."

"शेंदेलोण घातलं जी."

"दह्यात?"

"दह्यात कायले? बाहेर, बर्फात. ते दह्याले लागत नाही. तरी शेंदेलोणच घातलं."

जे मीठ पोटात जाणारच नाही तेही उपासाचं घातलेलं, असा प्रसंग मंडळापुढे आला नव्हता. शामलेने वाटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तथागतांची तसबीर होती आणि शेजारी निळ्या कोटातले बाबासाहेब. मग तिने पुन्हा वाटीकडे पाहिलं. कडेने दही सैल व्हायला लागलं होतं.

"माह्या दाढेत कळ मारते थंडानं," शामला म्हणाली.

"मले तं सर्दीच आहे," दुसरी म्हणाली, आणि तिने नाक ओढून दाखवलं.

शनिवार होता. अर्ध्या दिवसाचं ऑफिस करून देवराव तेवढ्यात दारात आले. त्यांनी भरलेल्या वाट्या पाहिल्या, ताठ बसलेल्या बायका पाहिल्या, स्वयंपाकघराच्या चौकटीत उभी असलेली आपली बायको पाहिली. ऑफिसात ते वाद मिटवण्याबद्दल प्रसिद्ध होते. चपला काढता काढता ते सहज म्हणाले,

"घ्या न जी. बर्डीवरून आणलं. सकाळीच सांगून ठेवलं होतं दुकानात."

अर्ध्या मिनिटापूर्वी झालेली शेंदेलोणाची चौकशी कोणी काढली नाही.

"बर्डीवरचं होय!" इंदुताई म्हणाल्या. "मग आधी नाही सांगाचं का वं?"

आणि त्यांनी चमचा उचलला. मग सगळ्यांनी उचलले. दाढ थांबली, सर्दी थांबली. शामलेने दुसऱ्यांदा मागून घेतलं. बाजारची वस्तू दुकानातून येते आणि दुकानाला जात नसते. हा नियम नागपुरात फार जुना आहे आणि त्यावर बरीच दुकानं चालली आहेत.

बायका गेल्यावर प्रेमिलाबाईंनी वाट्या गोळा केल्या नाहीत.

"काहून सांगतलं बर्डीवरून म्हणून?"

"खाल्लं न त्यांनी?"

"बर्डीचं खाल्लं. माह्यं नाही खाल्लं."

"पोटात तं तुह्यंच गेलं न वं."

"मी काय त्यांच्या पोटासाठी केलं होतं? आणि माहीत आहे त्यांले. मीठ विचारलं मले, मी सांगतलं. माहीत आहे!"

"असू दे न माहीत. माहीत असणं वेगळं," देवराव म्हणाले. ते खाली बसून मोजे काढत होते. "ऑफिसात मी कोणाले चहा पाजतो तं कँटीनचा पाजतो. घरचा डबा खिडकीकडे तोंड करून खातो. तिकडे बस असं मले कोणी म्हटलं नाही आजवर. मीच बसतो. म्हणून भांडण होत नाही."

"मग चांगलं वाटते का?"

"भांडण होत नाही," देवराव म्हणाले.

पुढच्या सभेत इंदुताईंनी विचारलं, त्या दुकानाचं नाव काय. प्रेमिलाबाई गप्प राहिल्या. एका क्षणापेक्षा जास्त राहिल्या असत्या, तर काहीतरी झालं असतं. पण शामला पटकन म्हणाली, "शर्माजींचं न? ते मथुरेवाले?"

अशा रीतीने शर्माजी जन्माला आले.

दुकान कुठेच नव्हतं, त्यामुळे त्याच्या भरभराटीला कसली अडचण नव्हती. ते बर्डीवर एका गल्लीत होतं. गल्ली प्रत्येकीच्या मते वेगळी होती. शर्माजी मथुरेचे ब्राह्मण होते. इंदुताईंनी त्यांना विधुर केलं. शामलेने त्यांना एक मुलगी दिली, आणि दोन उन्हाळ्यांनंतर ती जबलपूरला दिली. ते सोवळ्यात दही लावतात, ही माहिती कोणी आणली ते कळलं नाही. ती सगळ्यांना एकाच वेळी झाली. एकदा शर्माजींना कावीळसुद्धा झाली होती. त्या महिन्यात प्रेमिलाबाई माहेरच्या एका लग्नाला कामठीला गेल्या होत्या.

आता पाळी असो नसो, मागण्या येऊ लागल्या. "बारशाले आणून दे वं शर्माजीचं." "मुंजीले सांग न देवरावांले, जाता-येता." देवराव आनंदाने हो म्हणत. त्यांना वाटे, हे लोक आता मागून खातात, याच्यापेक्षा अधिक काय पाहिजे? पहाटे चारला प्रेमिलाबाई खिडक्या लावून बर्फ फोडत. सूर्य वर येईपर्यंत दांडा फिरत राही. मग डबा पोत्यात गुंडाळून देवराव सायकलच्या कॅरिअरला बांधत आणि मागच्या फाटकातून बाहेर पडत. दुकानातून आणायचं म्हणजे दुकानात जायला हवं. सुरुवातीला ते खरोखर बर्डीपर्यंत जात आणि परत येत. तेवढ्यात दही सैल पडे. पुढे ते वळणावरच्या कडुलिंबाखाली थांबून, एक बिडी ओढून, पुढच्या फाटकातून आत येऊ लागले. कडुलिंब सगळ्या गच्च्यांवरून दिसत असे. कोणाला दिसला नाही.

मुंजीत ते दही बटूच्या पानात पडलं. प्रेमिलाबाईही त्या मुंजीत जेवल्या. त्यांना वेगळं बसवलं होतं असं म्हणता येणार नाही. पंगत शेवटची होती, एवढंच.

"शर्माजीच्या हाताले चव आहे बाप्पा," तिथे कोणीतरी म्हणालं.

"हाव," प्रेमिलाबाई म्हणाल्या. त्यांनी पानातलं दही चाखलं आणि साखर किंचित जास्त झाली असं त्यांना वाटलं. ते सांगायला कोणी नव्हतं.

एका उन्हाळ्यात शामलेने कृतीच मागितली. तिच्या घरी फ्रिज आला होता. "विचारून ये न वं शर्माजीले, कसं करते म्हणून." प्रेमिलाबाईंनी काही न वगळता सगळं सांगितलं : दही किती वेळ टांगायचं, साखर गाळताना घालायची, आधी नाही, आणि मध्ये मध्ये थांबायचं नाही. शामलेने ते फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सुरीने फोडून खाल्लं.

"शर्माजी लपवते काहीतरी," ती म्हणाली.

"नाही लपवत," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "फिरवा लागते त्याले. सारखं."

"कोण फिरवत बसते वं एवढं?" शामला म्हणाली, आणि विषय बदलला.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी, जरी ती प्रेमिलाबाईंनी कधी नोंदवली नाही. वसाहतीच्या संडासांच्या झाडणकामाला कौशल्या नावाची बाई येई. बर्फाचा आवाज ऐकला की ती मागच्या दाराशी आपली जर्मनची वाटी घेऊन उभी राही. प्रेमिलाबाई डावाने वरून वाढत. वाटीला डाव लागू देत नसत. कौशल्या तिथेच पायरीवर बसून खाई, बोटाने वाटी साफ करी आणि म्हणे, "बाई, तुमच्या हातचं म्हणजे अमृतच." त्यांच्या घरी, त्यांच्या हातचं, त्यांच्यासमोर बसून, नाव घेऊन खाणारी एक बाई अशी वर्षानुवर्षं येत होती. ती त्यांनी हिशेबात धरली नाही. पुढे कौशल्येची बदली दुसऱ्या वसाहतीत झाली.

त्र्याऐंशी साली देवरावांनी बेसा इथे दोन खोल्या बांधल्या. तेव्हा बेसा म्हणजे शेतं आणि मधूनच एखादं घर. क्वार्टर सोडायचं ठरलं. मंडळाने निरोप द्यायचं ठरवलं, आणि तोही प्रेमिलाबाईंच्याच घरी, कारण पाळी त्यांचीच होती.

"शेवटचं शर्माजीचं दही मागव वं आता," इंदुताई म्हणाल्या. "तू गेल्यावर कोण आणून देते आम्हाले?"

हे वाक्य प्रेमिलाबाईंनी दोन-तीन दिवस मनात वागवलं. त्यात त्यांना प्रेम दिसलं, आणि ते थोडंफार होतंही. त्यांचा हिशेब असा झाला : या बायका गेली दहा वर्षं आपल्या हातचं खाताहेत. खाण्याचं राहिलेलं नाही. माहीत असण्याचंही राहिलेलं नाही. फक्त बोलण्याचं राहिलं आहे. जाताना तेवढं बोलून टाकावं.

"मी उद्या पॉट समोरच्या वऱ्हांड्यात ठेवतो," त्यांनी देवरावांना सांगितलं.

"नको करू."

"त्यांले माहीत आहे सगळं."

"म्हणूनच नको करू," देवराव म्हणाले. त्यांना वाद घालता येत नसे, हे वर आलंच आहे.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला, अर्धं सामान खोक्यांत गेलेल्या घरासमोर, उघड्या वऱ्हांड्यात, चौरंगावर बसून प्रेमिलाबाई दांडा फिरवत होत्या. नवं पातळ नेसल्या होत्या. पदर कमरेला खोचला होता, बाह्या कोपराच्या वर. बर्फाचं पाणी फरशीवरून पायरीवर आणि पायरीवरून रस्त्यावर जात होतं. जवळ स्टीलच्या वाट्यांची चळत, पुसून उपडी ठेवलेली. येणाऱ्या प्रत्येकीला दुरूनच सगळं दिसत होतं.

इंदुताई पुढे होत्या. फाटकात त्या क्षणभर थांबल्या, आणि मग हसल्या.

"काय वं, आज शर्माजीले घरीच बोलावलं का? कुठे आहे बुढा? पाणी पिऊन राहिला का आत?"

सगळ्या हसल्या. विनोद चांगला होता, आणि उदारही. त्या विनोदातून आत शिरून सगळ्यांना बसता आलं असतं.

"शर्माजी नाही जी," प्रेमिलाबाई म्हणाल्या. हात थांबला नाही. "मीच आहे. दहा वर्षांपासून मीच आहे. तुम्हाले तं माहीतच आहे."

"बरं बरं, फिरव तू," शामला घाईने म्हणाली. "कोण विचारून राहिलं तुले?"

"कोणी नाही विचारून राहिलं. मलेच सांगाचं आहे. माह्या हातचं आहे. आज माह्या हातचं म्हणून खा."

कोणी हसलं नाही. इंदुताई खुर्चीवर बसल्या; इतर उभ्याच राहिल्या.

"प्रेमिला," त्या म्हणाल्या, "आम्ही काय लहान पोट्ट्या आहो का वं? शामलेची न तुही भिंत एक आहे."

"पहाटे तू बर्फ फोडे," शामला म्हणाली, "तं माह्या फळीवरच्या ताटल्या वाजे."

"मग?" प्रेमिलाबाईंचा चेहरा उजळला. तो त्या दुपारी एकदाच उजळला. "मग झालं तं! घ्या न."

"आता कसं घेऊ?" इंदुताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वैताग होता, वस्तू नीट ठेवायला दिली आणि ती कोणी फोडली तर होतो तसा. "माह्या घरी सासूबाई आहे. त्या विचारे, कोठचं आणलं? मी म्हणो शर्माजीचं. तू शर्माजीचं म्हणून दे, मी शर्माजीचं म्हणून घेऊ. त्याच्यात माह्यं खोटं काय होतं? आता आज घरी गेल्यावर विचारलं तं काय सांगू? मले खोटं बोलता येत नाही वं."

हे खरं होतं. इंदुताईंना खोटं बोलता येत नसे, याबद्दल वसाहतीत दुमत नव्हतं.

"नका सांगू काही."

"विचारते न पण त्या."

"मग सांगा, प्रेमिलाचं होतं म्हणून."

बादलीतला बर्फ आतल्या आत खचला, त्याचा आवाज झाला.

"चांगलं चाललं होतं न वं!" शामला एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते खोटे नव्हते. "कोणाचं काय बिघडलं होतं? त्या बुढ्याले आम्ही सांभाळलं, त्याले जानवं घातलं, त्याच्या पोरीचं लग्न केलं. कोणासाठी केलं एवढं? तुह्याचसाठी न? तुह्यं खाता यावं म्हणूनच न? आणि तू एका मिनिटात मारून टाकला त्याले. जायच्या दिवशी!"

"मी तं त्याले जन्मालेच नव्हतं घातलं," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

दही जमलं होतं. दांडा जड झाला की ते कळतं. त्यांनी झाकण काढलं, पंखा उचलून निथळवला, एक वाटी उलथी केली आणि भरली. ती घेऊन त्या शामलेसमोर उभ्या राहिल्या. शामलेने वाटीकडे पाहिलं. घ्यावी असं तिला वाटलं असेल. हात थोडा पुढे आलाही. मग तो हात तिने पदराला पुसला.

"दाढ दुखते वं माही," ती हळू आवाजात म्हणाली.

देवराव आतून हे ऐकत होते. ते बाहेर आले, कोणाकडे न बघता सायकल घेतली आणि चौकातून लेमनच्या बाटल्या घेऊन आले. थंडगार होत्या. त्यांनी एकेक फोडून दिली. सगळ्यांनी घेतली. उन्हातून आल्या होत्या, तहान लागलेलीच होती. प्रेमिलाबाईंच्या हातातली वाटी त्यांनी काढून घेतली आणि खिडकीत ठेवली.

मग कार्यक्रम झाला. मंडळातर्फे स्टीलचा डबा देण्यात आला; त्यावर मंडळाचं नाव कोरलेलं होतं. इंदुताईंनी उभं राहून, चष्मा लावून, ठराव वाचला : श्रीमती प्रेमिला गजघाटे यांनी मंडळाच्या कार्यात सदैव हिरिरीने भाग घेतला, त्यांच्या अगत्याचा व पाहुणचाराचा लाभ सर्व सभासदांनी वेळोवेळी घेतला, मंडळ याची कृतज्ञतापूर्वक नोंद करीत आहे. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. सर्वानुमते व्हायचं तर सगळ्यांचे हात वर व्हायला हवेत, म्हणून प्रेमिलाबाईंनीही हात वर केला.

बायका गेल्या. ट्रक सकाळी यायचा होता. भरलेली एक वाटी सोडली तर बाकीच्या धुवाव्या लागल्या नाहीत. तशाच खोक्यात भरल्या.